हस्तलिखित कक्षाचे दार आणि कॅमेरे एकमेकांशी कसे जोडावेत?

मानद_कार्यवाह:

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह आहे. आमच्याकडे पोथ्या आणि मोडी कागदपत्रे यांची स्वतंत्र खोली आहे. त्या खोलीसह चार दारांना कार्डाने उघडणारी यंत्रणा बसवलेली आहे. कार्डे १२५ किलोहर्ट्झची, कार्ड वाचणाऱ्या रीडरपासून दार उघडायचे की नाही ते ठरवणाऱ्या कंट्रोलरपर्यंतची जोडणी विगँड (कार्डाचा क्रमांक तारांवरून पाठवण्याच्या जुन्या) पद्धतीची आणि कुलपे चुंबकीय आहेत. याशिवाय नऊ कॅमेरे व सोळा चॅनेलचा डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारे यंत्र) आहे. दोन्ही यंत्रणा वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या ठेकेदारांनी बसवल्या आणि त्यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही.

गेल्या पावसाळ्यात एका पोथीची काही पाने सापडेनाशी झाली. त्या दिवशी दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी आमच्या शिपायाच्या कार्डाने दार उघडल्याची नोंद होती, परंतु डीव्हीआरमध्ये त्या वेळी व्हरांडा पूर्ण रिकामा दिसत होता. त्याने कार्ड दुसऱ्या कोणाला दिले असावे, असा अर्थ समितीने काढला. आठ दिवसांनी लक्षात आले की डीव्हीआरचे घड्याळ १७ मिनिटे पुढे आहे. ४ वाजून २७ मिनिटांचे चित्रीकरण पाहिले, तेव्हा तोच शिपाई ग्रंथपालांबरोबर आत जाताना व रिकाम्या हातांनी बाहेर येताना स्पष्ट दिसला. पाने पुढे बांधणीच्या गठ्ठ्यात मिळाली. समितीने ठराव करून त्याची लेखी क्षमा मागितली, पण त्या आठ दिवसांत त्या माणसाने जे सोसले ते मला विसरता येत नाही.

पुन्हा असे घडू नये म्हणून दार उघडताच त्या क्षणाचे चित्र आणि कार्डाचा क्रमांक एकत्र दिसावेत, अशी आमची इच्छा आहे. सर्व जुने सामान काढून नवे घेतल्याशिवाय हे शक्य नाही, असे एका विक्रेत्याने सांगितले. हे खरे आहे का?

जोडणी_तंत्रज्ञ:

नमस्कार. दार-नियंत्रण आणि कॅमेरे यांची सांगड घालणे हेच माझे अनेक वर्षांचे काम आहे. सर्व सामान बदलण्याची गरज मला दिसत नाही. आपल्याकडे जे घडले त्याचे मूळ घड्याळांत होते, आणि घड्याळे जुळलेली नसतील तर महागातली महाग जोडणीही चुकीच्या माणसाकडे बोट दाखवील.

म्हणून आधी वेळ. कंट्रोलरचे सॉफ्टवेअर ज्या संगणकावर आहे, त्याची वेळ एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याच्या पद्धतीने) इंटरनेटवरून जुळवून घ्या. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते आणि तिचे वेळ-सर्व्हर सर्वांसाठी खुले आहेत. मग डीव्हीआर आणि कंट्रोलर या दोघांनाही त्याच एका संगणकाकडून वेळ घ्यायला लावा. जुन्या कंट्रोलरमध्ये एनटीपी नसते, मात्र त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ पाठवण्याची सोय बहुधा असते. ती रोज रात्री आपोआप चालेल अशी लावावी. दोन्हीकडचे टाइम झोन +५:३० आहे याचीही खात्री करा. पुष्कळ यंत्रे कारखान्यातून +८ वर लावलेली येतात, आणि मग अडीच तासांचा फरक पडतो. आतील नाण्यासारखी बॅटरी संपली असेल, तर वीज जाऊन आल्यावर तारीखच बदलते. तीही पाहून घ्या.

आता मुख्य मुद्दा. नोंद आपल्याला कार्ड सांगते, माणूस सांगत नाही. १२५ किलोहर्ट्झची साधी कार्डे स्वतःचा क्रमांक कोणत्याही कूटलेखनाशिवाय प्रसारित करतात आणि बाजारातील स्वस्त यंत्राने त्यांची प्रत क्षणात होते. विगँडच्या तारांवरूनही तो क्रमांक उघडाच जातो. सर्वसाधारण २६ बिटांच्या रचनेत ८ बिट संस्थेचा संकेतांक, १६ बिट कार्डाचा क्रमांक आणि उरलेले २ बिट केवळ तपासणीचे असतात. म्हणजे कोणाच्या नावावर कृती टाकायची, हे कॅमेऱ्याच्या साक्षीशिवाय ठरवूच नये. पुढे कधी रीडर बदलाल तेव्हा १३.५६ मेगाहर्ट्झची कूटबद्ध कार्डे आणि विगँडऐवजी ओएसडीपी ही नवी जोडणी-पद्धत घ्या. ती आरएस-४८५ तारांवर दोन्ही दिशांनी बोलते व तिच्यात कूटलेखनाची सोय आहे. मात्र हा खर्च आजच करायला हवा असे नाही.

जोडणीचा सर्वांत साधा मार्ग कोरड्या संपर्काचा, म्हणजे स्वतःची वीज नसलेल्या साध्या स्विचचा आहे. कंट्रोलरवर कुलपाच्या रिलेशिवाय (रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच) एखादा जादा रिले असतो. त्याच्या दोन तारा डीव्हीआरच्या मागील अलार्म इनपुटला (बाहेरचा इशारा घेणाऱ्या जोडणीला) जोडा, आणि त्या इनपुटवर संबंधित कॅमेऱ्याच्या चित्रीकरणात खूण व्हावी असे सेटिंग करा. त्या दाराचे चित्रीकरण अखंड चालू ठेवा, कारण माणूस कार्ड दाखवण्यापूर्वी काय करत होता हेच अनेकदा महत्त्वाचे ठरते. ४ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट, म्हणजे ३० दिवसांत १.३ टेराबाइट जागा घेतो. एका दारासाठी हे सहज परवडते.

या मार्गाची मर्यादा अशी की डीव्हीआरला फक्त दार उघडले एवढेच कळते, कोणाचे कार्ड ते कळत नाही. क्रमांक चित्रावरच हवा असेल तर दोन्ही यंत्रणांच्या सॉफ्टवेअरने एकमेकांशी बोलावे लागते. विक्रेता ऑनव्हिफ (निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे जुळावीत यासाठीचे मानक) असे म्हणाला, तर कोणते प्रोफाइल, म्हणजे त्या मानकाचा कोणता भाग, ते जरूर विचारा. एस आणि टी ही चित्रप्रवाहाची प्रोफाइले आहेत, ए आणि सी ही दार-नियंत्रणाची. कॅमेरा ऑनव्हिफचा आहे एवढ्यावरून दाराशी तो जुळेल असे मुळीच ठरत नाही. माझ्या मते आपल्याला तूर्त खूण आणि जुळलेली वेळ पुरेशी आहे.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा. दाराकडे पाहणारा कॅमेरा येणाऱ्याचा चेहरा टिपतो की डोक्याचा वरचा भाग? अनोळखी माणसाची ओळख पटण्यासाठी दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीला २५० पिक्सेल हवेत असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात ही अट दृश्याची रुंदी साधारण साडेसात मीटर असेपर्यंतच पूर्ण होते. व्हरांड्यातून उजेड मागून येत असेल, तर डब्ल्यूडीआर (उजेड आणि अंधार दोन्ही भाग स्पष्ट दाखवण्याची सोय) असलेला कॅमेरा घ्यावा.

विद्युत_पर्यवेक्षक:

वरील सल्ला योग्य आहे. मला कुलपाविषयी काळजी वाटते म्हणून लिहीत आहे. चुंबकीय कुलूप वीज गेली की उघडते. बाहेर पडण्याच्या वाटेवर ते तसेच असायला हवे, आणि आगीचा इशारा होताच त्याचा वीजपुरवठा थेट तारेने तुटला पाहिजे. हे काम सॉफ्टवेअरच्या किंवा नेटवर्कच्या भरवशावर कधीही सोडू नये. पण हस्तलिखितांच्या खोलीला हेच कुलूप असेल, तर लांबलेल्या भारनियमनात बॅटरी संपताच ती खोली उघडी पडते. तिथे वीज नसतानाही बाहेरून बंद राहणारे कुलूप बसवावे, आणि आतल्या बाजूला कार्ड किंवा बटण न लागता केवळ मुठीने उघडणारी यांत्रिक सोय ठेवावी. पोथ्या मोलाच्या आहेतच, परंतु आत बसलेल्या वाचकाला कोणत्याही क्षणी बाहेर पडता आलेच पाहिजे.

वकील_मराठवाडा:

पुढे एखादे प्रकरण न्यायालयात गेले तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात त्या फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला, तिच्यात जराही बदल झाल्यास बदलणारा संकेतांक) लिहावे लागते. कार्डांची नोंद आणि चित्रीकरण या दोन वेगळ्या इलेक्ट्रॉनिक नोंदी आहेत, म्हणून प्रमाणपत्रात दोन्हींचा स्वतंत्र उल्लेख हवा. जुन्या कायद्यातील असेच प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात स्पष्ट केले. तो वाद जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा होता, आणि उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नंतर, हा प्रश्न निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणापर्यंत पोहोचला होता. काही मिनिटांना किती वजन येऊ शकते हे यावरून लक्षात यावे.

घटना घडल्यास घड्याळ आधी दुरुस्त करू नका. खऱ्या वेळेशी असलेला फरक दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्या, चित्रीकरणाची प्रत काढा आणि मगच वेळ जुळवा.

मानद_कार्यवाह:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज डीव्हीआर उघडून पाहिला, तर एनटीपीचा पर्याय बंदच होता. आता तो चालू केला आहे. मागे अलार्म इनपुटच्या चार जोड्या आहेत, पण कंट्रोलरवर जादा रिले एकच आहे. मग उरलेल्या तीन दारांचे काय करावे? कुलपाच्याच तारा डीव्हीआरला जोडल्या तर चालतील का?

जोडणी_तंत्रज्ञ:

कृपया तसे करू नका. अलार्म इनपुटला कोरडा संपर्कच हवा. कुलपाचे १२ व्होल्ट तिथे गेले तर तो भाग जळण्याची शक्यता असते. जादा रिले हस्तलिखितांच्या दारासाठी राखून ठेवा. इतर तीन दारांच्या कुलपांना समांतर प्रत्येकी एक छोटा १२ व्होल्टचा रिले लावा, आणि त्याचे मोकळे संपर्क डीव्हीआरकडे न्या. चुंबकीय कुलपात दार बंद असताना वीज चालू असते, त्यामुळे रिले सतत ओढलेला राहील. म्हणून कॉमन (सामाईक) आणि एनसी (रिलेला वीज नसताना मिटलेला) हे दोन संपर्क वापरा, म्हणजे कुलपाची वीज तुटताच ते मिटतील. प्रत्येक रिलेच्या कॉइलवर उलट दिशेने डायोड (वीज तुटताना कॉइलमध्ये उसळणारा दाब थोपवणारा भाग) लावायला विसरू नका. काम संपल्यावर प्रत्येक दारासमोर सेकंद दाखवणारा मोबाइल कॅमेऱ्याकडे धरून एकदा कार्ड दाखवा, आणि मोबाइल, डीव्हीआर व नोंद या तिन्ही वेळा वहीत लिहून ठेवा. हीच चाचणी दर सोमवारी करावी, आणि फरक दोन सेकंदांपेक्षा जास्त आढळल्यास त्याच दिवशी कारण शोधावे.