हलकी हंटिंग रायफल बनवून घ्यायचीय, वजन नेमकं कुठून कमी करू?

सातारकर_कोलोरॅडो

नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याचा, गेली १७ वर्षं कोलोरॅडोत आहे, ग्रीन कार्ड झालंय. सहा वर्षांपूर्वी शेजाऱ्याने हंटिंगची गोडी लावली, हंटर एज्युकेशनचा कोर्स केला (इथे १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो लागतो), तेव्हापासून दरवर्षी एल्क किंवा म्यूल डिअर या हरणांच्या टॅगसाठी (एका जनावराच्या शिकारीचा परवाना) अर्ज टाकतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं माझं ठाम मत आहे, पण इथली पद्धत वेगळी आहे, टॅग, सीझन सगळं मोजून दिलेलं असतं आणि जे मिळतं ते वर्षभर घरात खाल्लं जातं.

तर प्रश्न असा. माझ्याकडे रेमिंग्टन ७०० रायफल आहे, थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची, अक्रोडाच्या लाकडाचा स्टॉक (दस्ता), वर मोठा ६-१८ पॉवरचा स्कोप (दुर्बीण). सगळं मिळून साडेनऊ पौंडाच्या आसपास. मागच्या ऑक्टोबरमध्ये फ्लॅट टॉप्सला दहा हजार फुटांवर चार दिवस ही घेऊन फिरलो आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्यांनी हात टेकले. वय ४८. आता कस्टम हलकी रायफल बनवून घ्यावी म्हणतोय, स्कोपसकट सहा पौंडाची. बजेट साधारण ३५०० डॉलर. टायटॅनियम ॲक्शन (बोल्ट बसतो तो मधला भाग) घेऊ का? कार्बन बॅरल (नळी) खरंच उपयोगी आहे की नुसती फॅशन? कॅलिबर (काडतुसाचं माप) ६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८ की सरळ ३०० विन मॅग? माझा आजवरचा सगळ्यात लांबचा शॉट २८० यार्ड, त्यापुढे मी मारणारही नाही. ज्यांनी बनवून घेतलीय त्यांनी प्लीज अनुभव सांगा.

बोझमनकर

दादा, मी मोन्टानात १२ वर्षं आहे आणि दोन कस्टम रायफली करून झाल्यात, त्यातली पहिली चुकली, म्हणून आधी तिचंच सांगतो. मी पण तुमच्यासारखाच सहा पौंडाचा आकडा डोक्यात धरून बसलो होतो आणि वर ३०० विन मॅग, जोरदार धक्क्याचं काडतूस. गनस्मिथकडे ११ महिने लागले, हातात आली तेव्हा फार सुंदर दिसत होती. रेंजवर सहा-सात राऊंड झाल्यावर माझे डोळे ट्रिगर दाबायच्या आधीच मिटायला लागले, पण पैसे घातले होते म्हणून मी ते स्वतःशी कबूल केलं नाही. त्या सीझनला एका काऊ (मादी) एल्कला माझी गोळी मागे, पोटात लागली. दोन दिवस शोधलं, बर्फ पडला, सापडली नाही. ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून कुणी सहा पौंड म्हटलं की मी आधी रिकॉइलबद्दल (गोळी सुटताना खांद्याला बसणारा धक्का) बोलतो.

हिशोब सोपा आहे. काडतूस तेच ठेवलं तर रिकॉइलची एनर्जी वजनाच्या उलट प्रमाणात वाढते. तुमची थर्टी-ऑट-सिक्स साडेनऊवरून सहावर आणली तर धक्का दीडपटीहून जास्त, सव्वासातला थांबलात तर साधारण तीस टक्के जास्त. तीस टक्के माणूस सवयीने पचवतो. दीडपट नाही पचत, निदान आपल्यासारखे वर्षातून चार वेळा रेंजवर जाणारे तरी नाही. तुमच्या २८० यार्डांसाठी ३०० विन मॅग विसरा. नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक लावला तर धक्का कमी होईल, पण आवाजाने तुमचे आणि शेजारी बसलेल्या दोस्ताचे कान जातील, डोंगरात दरवेळी कानात प्लग घालायला वेळ मिळतोच असं नाही.

आता पार्टबद्दल. लोक सगळ्यात आधी टायटॅनियम ॲक्शनकडे धावतात आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात, वाचतात मात्र काही औंस (१६ औंसांचा एक पौंड). माझा क्रम उलटा आहे: आधी स्कोप आणि त्याला धरणाऱ्या रिंग्ज, मग स्टॉक, मग बॅरल, आणि ॲक्शन सगळ्यात शेवटी. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, सुटी करा आणि एकेक तुकडा तोलून आकडे इथे टाका. नवीन ॲक्शन घेण्याआधी हे करा.

कार्बन बॅरलबद्दल: फॅशन नाही, पण समजून घ्या. आत पातळ स्टीलचीच नळी असते आणि बाहेरून कार्बन फायबर गुंडाळलेलं, त्यामुळे जाड, ताठ बॅरल कमी वजनात मिळतं. ती बनवणारी प्रूफ रिसर्च कंपनी इथलीच, कोलंबिया फॉल्सची. पण बारीक स्टीलच्या बॅरलपेक्षा ते हलकं असतंच असं नाही, कित्येकदा नंबर दोन कंटूरचं (जाडीचं) साधं २२ इंची स्टील बॅरल वजनाला तेवढंच भरतं आणि किंमत निम्म्याच्या आसपास. बारीक बॅरल लवकर तापतं, तीन राऊंडनंतर गोळ्या सरकायला लागतात. पण हंटिंगला थंड बॅरलमधली पहिली गोळीच महत्त्वाची, तेव्हा दोन राऊंडच्या मध्ये थांबायची सवय असली की झालं.

रंकाळा_नेमबाज

मी कोल्हापूरची, दहा वर्षं ५० मीटर रायफल नेमबाजी केलीय, हंटिंग कधीच नाही, तरी लिहिते कारण वजनाचा विषय आमच्याकडे उलट्या बाजूने येतो. थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार) रायफल ८ किलोपर्यंत चालते आणि बहुतेक जण त्या मर्यादेच्या जवळ जातात, कारण जड रायफल श्वासाने आणि हृदयाच्या ठोक्याने कमी हलते. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं ते याच प्रकारात. तुम्ही अडीच-तीन किलोची रायफल घेऊन धापा टाकत गुडघ्यावर बसणार म्हणजे प्रत्येक ठोका क्रॉसहेअरमध्ये दिसणार. म्हणून दोन गोष्टी सांगते. वजन कमी करताना ते सगळं पुढूनच काढू नका, बॅरल फार आखूड आणि बारीक झालं की रायफल मागे जड होते आणि नळीचं तोंड भिरभिरतं. पुढच्या ॲक्शन स्क्रूच्या आसपास बोटावर तोलली गेली तर बरं.

दुसरं म्हणजे स्टॉकची लांबी, ट्रिगरपासून बटपर्यंतची. फॅक्टरी स्टॉक बहुतेक साडेतेरा इंचाच्या आसपास असतात आणि ते कुणा सरासरी माणसाच्या मापाचे असतात, तुमच्या नाही. तुम्ही थंडीत जाड जॅकेट घालून मारणार ना, मग जॅकेट घालूनच माप घ्या. आणि गाल स्टॉकवर टेकल्यावर डोळा आपोआप स्कोपच्या मधोमध आला पाहिजे, मान ताणावी लागली तर तो स्टॉक कितीही हलका असो तुमचा नाही. आमचे सर डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगायचे, मग डोळे उघडून बघायचं नेम कुठे आहे. पार्ट ऑर्डर करण्याआधी दुकानात जाऊन चार-पाच वेगवेगळ्या स्टॉकवर हे करून बघा.

दक्षिणबेट

न्यूझीलंडहून, क्राइस्टचर्च. इकडे आम्ही टार आणि शॅमॉय या डोंगरी शेळ्यांसारख्या प्राण्यांच्या मागे सदर्न आल्प्समध्ये चढतो (टार म्हणजे आपल्या हिमालयातलाच प्राणी, १९०४ मध्ये माउंट कुकजवळ आणून सोडला, आता एवढे झालेत की सरकारच संख्या कमी ठेवायला सांगतं). इथे सर्रास दिसते ती टिक्का टी३एक्स लाइट, फॅक्टरीतूनच २.९ किलोच्या आसपास, वर छोटा स्कोप, झालं काम. दादांना कस्टमचीच हौस नसेल तर हजार डॉलरच्या आत रायफल आणि उरलेल्या पैशात चांगला स्कोप, बूट आणि भरपूर काडतुसं येतील. सप्रेसर (आवाज कमी करणारी नळी) लावणार असाल तर मात्र बॅरल १८ ते २० इंचच घ्या, नाहीतर पुढे तीन-चारशे ग्रॅम लटकतात आणि ताई म्हणतायत तो तोल पार बिघडतो.

आणि एक, हलक्या रायफलला स्टॉक लवचीक नको. स्वस्त प्लास्टिकचा फोरएन्ड (स्टॉकचा पुढचा भाग) बायपॉडवर (दोन पायांचा टेकू) दाबला की वाकून बॅरलला टेकतो आणि नेम सरकतो. माझं झालंय हे, दीड दिवस चढून गेलो आणि समोरचा बुल टार सोडावा लागला कारण आदल्या संध्याकाळी झीरो (नेम आणि गोळी जुळते का) तपासला तर चार इंच डावीकडे. बॅरल आणि स्टॉकच्या मधून कागद ॲक्शनपर्यंत अलगद सरकला पाहिजे.

सातारकर_कोलोरॅडो

सगळ्यांचे मनापासून आभार. बोझमनकर, तुमचा एल्कचा किस्सा वाचून थोडा वेळ गप्पच बसलो. काल रात्री रायफल सुटी करून तोलली, हे घ्या आकडे. बॅरल आणि ॲक्शन ट्रिगरसकट ७६ औंस. स्टॉक ३६. स्कोप, स्टीलच्या रिंग्ज आणि बेस मिळून ३२! बॉटम मेटल (ट्रिगर गार्ड आणि खालची प्लेट) ६, पट्टा ३. एकूण १५३ औंस म्हणजे ९ पौंड ९ औंस. रिंग्जचं वजन एवढं असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बोझमनकर

झालं की मग. बघा, ल्युपोल्डचा ३.५-१०x४० साधारण १३ औंसचा येतो, टॅलीच्या ॲल्युमिनियमच्या एकसंध रिंग्ज अडीच-तीन औंस. म्हणजे ३२ चे १६. तुमच्या २८० यार्डांना दहा पॉवर भरपूर झाली, १८ पॉवर तुम्ही शेवटची कधी वापरली सांगा बरं. कार्बन स्टॉक २३ औंसच्या आसपास मिळतो, मॅकमिलन, मॅनर्स वगैरे, म्हणजे आणखी १३ गेले. एकूण २९ औंस, रायफल ७ पौंड १२ औंसवर आली आणि अजून बॅरलला हातही लावलेला नाही. पुढे बॅरल बदललंत तर अर्धा पौंड अजून, सव्वासात. मी तिथेच थांबेन.

नवी ॲक्शन नकोच. ७०० ची ॲक्शन ठेवलीत की बाजारातले निम्मे स्टॉक आणि ट्रिगर तिला आपोआप बसतात, कारण कस्टमवाले सुद्धा तोच फूटप्रिंट (स्टॉकमध्ये बसायचं माप) धरून बनवतात. आणि बॅरल बदलायची वेळ येईल तेव्हा .२८० अॅक्ली इम्प्रूव्ह्ड या काडतुसाचा विचार करा. त्याचं खानदान थर्टी-ऑट-सिक्सचंच, काडतुसाचं बूड तेवढंच, त्यामुळे बोल्ट तोच, ॲक्शनची लांबी तीच. ७ एमएमची लांब बुलेट, ट्विस्ट (नळीच्या आतला पीळ) १:८.५ किंवा १:८ घ्या म्हणजे तांब्याच्या बुलेटही नीट स्थिरावतील, त्या त्याच वजनाला शिशाच्या बुलेटपेक्षा लांब असतात. पण खरं सांगू, थर्टी-ऑट-सिक्स १९०६ पासून एल्क पाडतेय आणि तिची काडतुसं डोंगरातल्या पेट्रोल पंपाच्या दुकानातही मिळतात, तेव्हा घाई नाही.

ट्रिगर मात्र बदला. ट्रिगरटेक किंवा टिमनी, दाब अडीच ते तीन पौंडावर ठेवा, त्याखाली नको, बोटं गारठलेली असतात आणि हातमोजे असतात. तुमची ७०० २००६ ते २०१४ मधली असेल तर एक्स-मार्क प्रो ट्रिगर कंपनीने २०१४ ला परत मागवले होते, सिरियल नंबर आधी तपासा, हे पुढच्या सीझनवर ढकलू नका. स्टॉकला ॲल्युमिनियमचे पिलर आणि बेडिंग (ॲक्शन स्टॉकमध्ये घट्ट बसवायचं काम) गनस्मिथकडूनच करून घ्या, आणि काम देताना तारीख लेखी घ्या.

एच१बी_ऑस्टिन

मधेच विचारतो, माफ करा. मी एच१बीवर आहे, मला असं काही घेता येतं का? ऑफिसमधला एकजण म्हणतो अजिबात नाही, दुसरा म्हणतो चालतं.

बोझमनकर

भावा, दोघेही अर्धवट बरोबर. फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे, पण अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला आणि कपाटात ठेवलेली रायफल सुद्धा गुन्हा ठरू शकते. आधी इमिग्रेशन वकिलाला विचार, मग दुकानात जा. दोस्ताची रायफल रेंजवर हातात घेणं हे पण बाळगण्यातच येतं, ते बऱ्याच जणांना माहीत नसतं.

रंकाळा_नेमबाज

दादा, एक राहिलं. नवा स्टॉक आला की लगेच गोळ्या मारत बसू नका. रोज रात्री रायफल रिकामी असल्याची खात्री करून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, २० वेळा कोरडा ट्रिगर दाबा, भिंतीवरच्या छोट्या ठिपक्यावर. ट्रिगर सुटताना ठिपका हलला की समजायचं. रेंजवर दोस्ताला रायफल भरायला सांगा, कधी काडतूस घालून, कधी रिकामीच, तुम्हाला न दाखवता. रिकाम्या रायफलला नळी खाली झुकली तर तो फ्लिंच (धक्क्याच्या भीतीने आधीच दचकणं), आणि बोझमनकरांनी सांगितलं तसं तो आपला आपल्याला कळत नाही.

सातारकर_कोलोरॅडो

ताई, हे आजपासूनच चालू करतो.

तर ठरलं असं: ॲक्शन आणि बॅरल यंदा तेच. स्कोप आणि रिंग्ज ऑर्डर केल्या. स्टॉकसाठी शनिवारी डेन्व्हरला जातोय, जाड जॅकेट गाडीत टाकलंय. सिरियल नंबर तपासला, माझी २००३ ची निघाली, तरी ट्रिगर बदलतोय. वाचलेल्या पैशातून २०० राऊंड आणि गुडघ्यासाठी ट्रेकिंग पोल. स्टॉक आला की परत तोलून आकडे टाकतो.