शिमग्याला आलात, लिनक्स टाकलंत, गेलात. मामाच्या संगणकाचं पुढे काय?

खाडीकाठ (गुहागर):

शिमगा आटपून चाकरमानी परतले की माझ्या दारात लॅपटॉप यायला लागतात. यंदा पंधरवड्यात पाच आले. पाचही जुने, पाचांवर नव्याने लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाकलेलं, आणि टाकणारा भाचा किंवा पुतण्या केव्हाच मुंबईच्या गाडीत बसलेला. कारण सगळीकडे तेच. विंडोज १० चा आधार, म्हणजे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ही मशिन्स विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. कुणाकडे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, कुणाचा प्रोसेसर जुना.

मी स्वतः रोज लिनक्सच वापरतो. तरी माझं म्हणणं असं: ज्या घरात उद्या तुम्ही नसणार, तिथल्या मशीनवर टाकायचं तर आधी एक अख्खा दिवस पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. तेही त्या घरच्या माणसाच्या हातात माउस देऊन. त्याचा प्रिंटर, त्याचं नेट, त्याचं मराठी टायपिंग. एवढं न बघता डिस्क पुसू नका.

पाचांपैकी दोघांचं वायफाय दिसत नव्हतं. एकात सिक्युअर बूट, म्हणजे ओळख न पटलेलं सॉफ्टवेअर अडवणारं कुलूप, चालू होतं. टाकताना बाहेरच्या ड्रायव्हरांसाठी (ड्रायव्हर म्हणजे वायफायसारखा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) पासवर्ड मागतात, तो भाच्याने दिला. पण पुढच्या सुरुवातीला एक निळा पडदा येतो, 'कुठलीही कळ दाबा' म्हणतो आणि दहा सेकंदांत निघून जातो. तिथे 'एनरोल एमओके' (ड्रायव्हरची ओळख मशीनला पटवणं) करून तोच पासवर्ड द्यायचा असतो. मामी त्या वेळी चहा ठेवायला गेल्या होत्या. पडदा गेला, ड्रायव्हर बाहेरच राहिला. दुसऱ्यात ड्रायव्हरच नव्हता, आणि ड्रायव्हर आणायला नेट हवं, नेटला ड्रायव्हर हवा, या फेऱ्यात घरचे आठ दिवस अडकले. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की लिनक्सला लगेच नेट मिळतं. मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर तर नेट नसताना इन्स्टॉलच्या पेन ड्राइव्हवरूनही काही ड्रायव्हर घेतो. पाच मिनिटांचं काम. पण ते सांगायला घरात कुणी नव्हतं.

तिसऱ्यात विंडोज शेजारी ठेवलेलं. तिथे दोन तक्रारी, दोन्ही नेहमीच्या. घड्याळ साडेपाच तास चुकतं, कारण लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. आणि डी ड्राइव्हवर फाइल साठवता येत नाही, कारण विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर ते बंद होताना अर्धवट झोपलेलं असतं, आणि लिनक्स अशा ड्राइव्हवर लिहायला तयार होत नाही. हे त्याचं शहाणपणच आहे. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, प्रश्न मिटला.

या सगळ्यात लिनक्सचा दोष मला कुठे दिसत नाही. घाईचा दिसतो.

मधला वाडा (डोंबिवली, मूळ राजापूर):

मी तोच भाचा आहे. तुमचा नव्हे, पण दरवर्षी दोन-तीन मशिन्स करून जाणारा. तुमचा सूर मला पटला नाही.

मी टाकलं नसतं तर काकाचा लॅपटॉप माळ्यावर गेला असता. नवा घ्यायला पैसे नाहीत. आधाराशिवायच्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करणं मला जास्त धोक्याचं वाटतं. चार दिवसांची रजा, त्यात पालखी, नाचणाऱ्या पोरांमागे फिरणं, आईला डॉक्टरांकडे नेणं. त्यात 'अख्खा दिवस चालवून बघा' कसं जमायचं? मी रात्री दोन तास बसतो आणि करतो. अडचण आली तर व्हॉट्सअॅपवर टर्मिनलची (आज्ञा टाइप करायच्या खिडकीची) ओळ पाठवतो, काका चिकटवतात, एंटर मारतात, काम होतं. यात वाईट काय आहे?

सेवाकेंद्र (कणकवली तालुका):

तुमचा वाद 'कसं टाकावं' यावर चाललाय. माझ्यासारख्याने टाकूच नये, असं माझं मत आहे.

बोटांचे ठसे घेण्याचं माझं यंत्र घ्या. त्याच्या कंपनीने मला विंडोजचंच सॉफ्टवेअर दिलं. लेसर प्रिंटर जुना, त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळाला तो इतका जुनाट की दोन रात्री घालवून सोडून दिला. आणि पंधरा वर्षांच्या मराठी फाइली श्रीलिपी फाँटात टाइप केलेल्या. लिनक्सवर उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग. गिऱ्हाईक दाखल्यासाठी उन्हातून पाच किलोमीटर चालत येतं. त्याला मी 'ड्रायव्हर शोधतोय' असं सांगू?

शिवाय घाई कसली? घरगुती विंडोज १० ला सुरक्षेची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, फक्त नोंदणी करावी लागते. एवढा काळ पैसे साठवा. पोटापाण्याच्या मशीनवर प्रयोग नको.

शाळेतल्या बाई (दापोली):

सेवाकेंद्रवाल्यांचं त्यांच्या कामापुरतं मला मान्य आहे. ज्या यंत्राला ड्रायव्हरच नाही तिथे हट्ट करू नये. पण मराठीबद्दल थोडं सांगते, कारण या भीतीने अनेक जण मागे फिरतात.

श्रीलिपीच्या जुन्या फाइलींत युनिकोड (अक्षरांची सगळीकडे चालणारी ठरलेली पद्धत) नाही. तिथे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून फाँट नसला की कचरा दिसतो. तुमच्याकडचा तो फाँट लिनक्सच्या फाँट फोल्डरमध्ये ठेवला की जुनी फाइल लिब्रे ऑफिसात वाचता येते. नवीन टायपिंगला तर काहीच आणावं लागत नाही. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट (कळांची ठरलेली मांडणी) आधीपासून असतं, ते जोडायचं, झालं. इंग्रजी कळा दाबून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस आणि त्याचं एम१७एन हे जोड घ्यावं लागतं, आणि ते बसवल्यावर एकदा लॉगआउट करावं लागतं. नव्वद टक्के तरी 'चालत नाही' म्हणणारे हे लॉगआउट विसरलेले असतात, निदान माझ्या शाळेत तरी.

केरळात सरकारी शाळांतले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. तिथली 'काइट' ही संस्था उबंटू या लिनक्सवरून स्वतःची आवृत्ती तयार करते. त्यांचा किनारा आणि आपला किनारा काही फार वेगळा नाही. तोच पाऊस, तीच खारी हवा.

आता मधल्या वाड्याला. चिकटवायला ओळ पाठवणं मला अजिबात पटत नाही. मागच्या पावसात आमच्याकडे अपडेट चालू असताना लाइट गेली. यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली. लाइट आल्यावर काहीच बसेना, काहीच निघेना. एका ओळखीच्याने कुलपाची फाइल (एका वेळी दोन बसवण्या चालू नयेत म्हणून असते ती) पुसायची ओळ पाठवली, शिक्षकाने ती चिकटवली आणि गोंधळ वाढला. मी येऊन पडद्यावरचा संदेश वाचला. त्यात सरळ लिहिलं होतं: डीपीकेजी (सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम) मध्येच थांबलंय, अमुक आज्ञा चालवा. ती आज्ञाही तिथेच दिलेली होती! ती चालवली, अर्धवट राहिलेलं पुरं झालं. नवख्याला पहिला धडा हाच द्यावा: पडद्यावर काय लिहिलंय ते मोठ्याने वाच. आमची सातवीतली मुलगी ते करते.

मधला वाडा (डोंबिवली, मूळ राजापूर):

बाई, संदेश इंग्रजीत असतो. काका चौथी शिकलेत. ते काय वाचणार? म्हणूनच मी ओळ पाठवतो. शहाणपणाचा मुद्दा नाही हा, भाषेचा आहे.

शाळेतल्या बाई (दापोली):

मग त्यांना फोटो काढून पाठवायला सांगा, आणि तुम्ही वाचा. न बघता ओळ पाठवणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. आणि मिंटमध्ये भाषा मराठी करता येते. सगळं भाषांतर नाही मिळत, मेनू बरेच मिळतात.

कलमांखाली (देवगड):

मियाय तसलोच येक मामा. शिमगो संपलो, भाचो मुंबैक गेलो, आता मामान कोणाक इचारूचा? सगळ्यांक कळूक होया म्हणान साध्या मराठीत लिहितंय.

माझा लॅपटॉप नाही, जुना डबा आहे, खाली ठेवायचा. भाच्याने लिनक्स टाकलं. खरं सांगतो, आधी डबा सुरू करून मी बाहेर जाऊन कलमं बघून यायचो, आता तसं नाही, लगेच उठतो. मला ते आवडलं. पण लाइट गेली की दुसऱ्या दिवशी उठतच नाही. काळ्या पडद्यावर एफ१ दाबा म्हणून येतं, दाबलं की बूट करायला काही सापडत नाही म्हणतो. भाच्याने दोनदा व्हिडिओ कॉलवर बसून सगळं परत टाकायला लावलं. दोन दिवस बरं चालतं. लाइट गेली की परत तेच. आता पेट्या भरायला घेणार, बिलं काढायची आहेत. भाचा म्हणतो हार्ड डिस्क गेली. शेजारी म्हणतात लिनक्स काढ.

खाडीकाठ (गुहागर):

मामा, डिस्क विकत घेऊ नका अजून. एक सांगा. एफ१ चा संदेश येतो तेव्हा वर तारीख किंवा वेळ चुकल्याबद्दल काही लिहिलेलं असतं का? आणि रात्री नुसता बंद केला, लाइट गेली नाही, तर सकाळी उठतो का?

कलमांखाली (देवगड):

हो, डेट अँड टाइम असं काहीतरी इंग्रजीत आहे. आणि लाइट गेली नाही तर उठतो. बटण भिंतीला बंद केलं तरी उठत नाही.

खाडीकाठ (गुहागर):

मग बहुतेक मदरबोर्डवरचा सेल संपलाय. २०३२ नंबरचा, रुपयाच्या नाण्यासारखा चपटा. वायर भिंतीत असते आणि लाइट असते तोपर्यंत आतल्या आठवणीला वीज मिळत राहते. लाइट गेली की ती वीजही जाते, सेलही मेलेला, मग बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) आपल्या मूळच्या सेटिंगवर जातं. भाच्याने लिनक्स टाकताना डिस्कचा किंवा बूटचा मोड बदलला असणार, तो पुसला जातो, म्हणून डिस्क जागेवर असून सापडत नाही. लिनक्स आणि डिस्क दोन्ही ठीक असण्याची शक्यता जास्त आहे. सेल बदला. घालताना वायर काढून ठेवा, सेलच्या जागेवर हिरवट थर असेल तर कोरड्या कापडाने पुसा. आपल्याकडच्या हवेत तो येतोच. मग भाच्याला फोन लावून बायोसमध्ये त्याने काय बदललं होतं ते एकदाच परत करून घ्या.

सेवाकेंद्र (कणकवली तालुका):

हे मात्र विंडोज असतं तरी झालं असतं. मान्य करतो.

मधला वाडा (डोंबिवली, मूळ राजापूर):

मामा, तुमच्या भाच्याच्या जागी मीही डिस्कच म्हटलं असतं. लाइट गेल्यावरच होतं, हे विचारायचं मला सुचलं नसतं. डोंबिवलीत बसून लाइट डोक्यातच येत नाही.

तरी माझं मूळ म्हणणं सोडत नाही. पूर्ण दिवस मिळत नाही म्हणून टाकायचंच नाही, हे चूक आहे. पण पुढच्या खेपेला निदान प्रिंट एक काढून बघेन, पेन ड्राइव्हवरूनच. आणि टाइमशिफ्टची (सिस्टिम आधीच्या स्थितीला परत नेणाऱ्या सोयीची) पहिली नोंद करून ठेवेन. यंदा ते केलं नाही.

खाडीकाठ (गुहागर):

टाइमशिफ्ट जरूर करा, पण काकांना सांगा की त्यात त्यांचे फोटो आणि हिशेब राहत नाहीत. ते सिस्टिमच्या फाइलींपुरतं असतं. फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमच्याकडे किती घरांत पाणी शिरलं ते आठवतं. तेव्हा संगणक कुठल्या सिस्टिमवर होता याला महत्त्व नव्हतं, प्रत होती की नव्हती याला होतं.

आणि तुम्ही रात्री दोन तास बसता त्यातला पाऊण तास काकांच्या शेजारी बसा. तुम्ही करू नका, त्यांना करू द्या. तुमच्याशी माझं भांडण तेवढंच आहे.

शाळेतल्या बाई (दापोली):

एक राहिलं. मशीन वरचेवर अडकत असेल, कधी इथे कधी तिथे, तर तीन-तीनदा परत टाकत बसू नका. पेन ड्राइव्हच्या सुरुवातीच्या यादीत मेमरी टेस्ट असते, ती रात्रभर लावा. चुका दाखवल्या तर रॅम (मेमरीची पट्टी) काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसा आणि परत बसवा. पावसाळ्यानंतर आमच्या शाळेतले चार संगणक असे उठले.

कलमांखाली (देवगड):

सेल देवगडात मिळालो. चाळीस रुपये घेतल्यान. काल रात्री मुद्दाम भिंतीचं बटण बंद करून ठेवलं. सकाळी तारीख बरोबर, भाच्याने फोनवरून मोड सांगितला, तो लावला. आता दोनदा बंद करून बघितलं, उठतो.

प्रिंटर अजून राहिलाय. वर दिवा लागतो, कागद येत नाही. मॉडेलचा नंबर मागच्या बाजूला आहे, चष्मा लावून लिहून घेतो आणि टाकतो. कोणी बघेल काय?

खाडीकाठ (गुहागर):

टाका मामा. यूएसबीने जोडलाय की वायफायने, तेही लिहा.