जोजेनचे रक्त आणि होडोरचे शरीर : ब्रान स्टार्क नेमका कशासाठी दोषी आहे?

पानगळ

(रसभंगाचा इशारा : पाचही पुस्तके वाचलेली नसतील, तर पुढे वाचू नये.)

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेचे पहिले पुस्तक १९९६ मध्ये आले आणि पाचवे, म्हणजे 'अ डान्स विथ ड्रॅगन्स', २०११ मध्ये. सहाव्याची वाट पाहणाऱ्या वाचकांनी मधल्या काळात जे तर्क रचले, त्यांपैकी एक मला गेले काही दिवस सोडत नाही. इंग्रजी वाचक त्याला 'जोजेन पेस्ट' म्हणतात.

पाचव्या पुस्तकात ब्रान, विंटरफेल किल्ल्याच्या स्टार्क घराण्यातला पांगळा मुलगा, उत्तरेच्या प्रचंड भिंतीपलीकडच्या गुहेत पोहोचतो. सोबत जोजेन आणि मीरा रीड ही भावंडे, आणि त्याला पाठीवर वाहणारा, 'होडोर' एवढा एकच शब्द बोलणारा धिप्पाड होडोर. तिथे वीअरवुड या पवित्र झाडाच्या मुळांत गुंतून बसलेला ब्रिंडेन रिव्हर्स, म्हणजे ब्लडरेव्हन, त्याला झाडांच्या डोळ्यांनी पाहायला शिकवतो, आणि त्यासाठी त्याला एका वाडग्यातून पांढरा, दाट लगदा खायला दिला जातो. तो वीअरवुडच्या बियांचा आहे असे सांगितले जाते. मात्र त्यात गडद लाल रेषा आहेत. त्या झाडाच्या रसाच्या असाव्यात अशी ब्रान स्वतःची समजूत घालतो, पण मशालीच्या उजेडात त्या त्याला रक्तासारख्या दिसतात. त्याच प्रकरणात जोजेन रीड दिवसेंदिवस खंगत चालला आहे, त्याची बहीण मीरा रडते आहे, आणि ब्रान लगदा खातो तेव्हा दोघेही तिथे नाहीत. यावरून अनेकांचा तर्क असा, की त्या लगद्यात जोजेनचे रक्त होते.

त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला वॅरामिर या परकायाप्रवेश करणाऱ्या माणसाचे एक प्रकरण आहे. त्याचा गुरू हॅगन याने त्याला तीन घोर पातके सांगितलेली असतात : माणसाचे मांस खाणे, लांडग्याच्या देहात असताना लांडग्याशी समागम करणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे दुसऱ्या माणसाचे शरीर बळकावणे. ही यादी लेखकाने पुस्तकाच्या दारातच टांगून ठेवली आहे, ती पुढे ब्रानला लावून पाहण्यासाठीच, असे मला वाटते.

माझा प्रश्न असा : जोजेनचा तर्क खरा धरला, तर न कळत खाल्लेल्या रक्ताचे पातक ब्रानला लागते का? आणि या मालिकेतली जादू नीती-अनीती जाणते तरी का?

अक्षरवेडा

पानगळ, प्रश्न चांगला आहे. तर्काच्या बाजूने दोन गोष्टींची भर घालतो.

ब्रानने माणसाचे मांस खाल्ले असण्याची शक्यता गुहेच्याही आधी येते. कोल्डहँड्स नावाचा तो काळ्या हातांचा वाटाड्या एकदा मागे राहतो. इकडे ब्रान आपल्या समर या लांडग्याच्या देहात असताना बर्फात पडलेली, भिंत राखणाऱ्या नाइट्स वॉचच्या माणसांची प्रेते खातो, आणि जागा होतो तेव्हा शेकोटीवर मांस भाजले जात असते. कोल्डहँड्सला डुकरीण सापडली, असे त्याला सांगितले जाते. त्या रानात, त्या थंडीत डुकरीण कुठून आली, हा प्रश्न मुलांपैकी कोणी फार ताणत नाही, कारण सगळे उपाशी आहेत. त्या प्रेतांवरून समर ज्या लांडग्याशी झुंजतो तो वन आय आहे, आणि मेलेला वॅरामिर त्याच लांडग्यात शिरलेला आहे. म्हणजे नियमांची यादी सांगणारा आणि ती यादी ज्याला लागू होते तो, असे दोघे एकाच मांसावरून भांडताना लेखकाने दाखवले आहेत.

दुसरी गोष्ट गुहेतल्या प्रकरणाच्या शेवटाची. लगदा खाल्ल्यानंतर काही काळाने ब्रानला विंटरफेलच्या झाडातून फार जुना काळ दिसतो. एक पांढऱ्या केसांची बाई ब्राँझच्या विळ्याने एका बंदिवानाचा गळा चिरते, आणि शेवटच्या वाक्यात ब्रानला त्या रक्ताची चव कळते. झाडांना रक्त लागते ही गोष्ट इथे उघड सांगितली आहे. मग ज्या मुलाला झाडाशी जोडायचे, त्याच्या वाडग्यात रक्त नसेलच असे कशावरून?

जाणीव नसेल तर पातक नाही, असे मात्र मला वाटत नाही. निदान या जगात तरी नाही. तिथली जादू न्यायाधीशापेक्षा दुकानदाराच्या जवळची आहे. ती हेतू विचारत नाही, किंमत घेते.

तिरकस

मी या तर्काच्या विरुद्ध आहे, आणि कारण अगदी साधे आहे. वीअरवुडचा रस मुळातच लाल असतो. पहिल्या पुस्तकापासून त्या झाडांवर कोरलेले चेहरे लाल अश्रू ढाळत आहेत. लाल रसाच्या झाडाच्या बियांचा लगदा लालसर दिसला, तर त्यात नवल काय? जोजेनला स्वतःच्या मृत्यूचा दिवस स्वप्नातून ठाऊक आहे, आणि तो खंगला आहे याचे कारणही तेवढेच पुरेसे आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स' या दूरचित्रवाणी मालिकेत तर २०१४ मध्येच जोजेन गुहेच्या दारात मारला गेला आणि लगद्याचा संबंध उरला नाही. तो काही पुस्तकांवरचा निवाडा होत नाही, हे मान्य. पण ज्या प्रसंगावर एवढे अवलंबून असते, तो इतक्या सहज गाळता आला असता का?

नरमांसाचाच विषय निघाला आहे, तर मँडरलीच्या पाईचा तर्क, म्हणजे त्या पाईंत फ्रे घराण्यातल्या माणसांचे मांस होते हा, मला कितीतरी भक्कम वाटतो, आणि नीतीच्या दृष्टीने अधिक रंजकही. मँडरलीच्या व्हाइट हार्बरहून निघालेले तीन फ्रे वाटेत नाहीसे होतात. नंतर विंटरफेलच्या लग्नात वायमन मँडरली तीन प्रचंड पाई आणतो, बोल्टन आणि फ्रे मंडळींना वाढतो, स्वतः प्रत्येकीतले दोन दोन तुकडे खातो आणि गवयाला उंदीर-आचाऱ्याचे गाणे म्हणायला सांगतो. त्या दंतकथेत एका आचाऱ्याने राजाला त्याच्याच मुलाचे मांस पाईतून खाऊ घातलेले असते, आणि देव त्याला उंदीर करून टाकतात. पण शिक्षा खुनाची नाही, मांस वाढण्याचीही नाही. आपल्या छपराखाली आलेल्या पाहुण्याला मारले, याची ती शिक्षा आहे. म्हणूनच मँडरली फ्रे मंडळींना निरोपाच्या भेटी म्हणून घोडे देतो. भेट देऊन वाटेला लावले, की ते पाहुणे उरत नाहीत. त्यानंतर जे झाले ते पाहुणचाराच्या कायद्याबाहेर.

आपल्याकडे ज्यांनी लहानपणी चिलया बाळाची गोष्ट ऐकली आहे, त्यांना हे परके वाटू नये. तिथे अतिथी मुलाचे मांस मागतो आणि श्रियाळ-चांगुणा ते रांधतात. दारी आलेल्याला विन्मुख पाठवणे हे पोटच्या पोराला मारण्याहूनही मोठे पाप ठरते. लहानपणी ती कथा ऐकून मी दोन दिवस जेवलो नव्हतो, हे जाता जाता सांगतो. शेवटी शंकर चिलयाला परत देतो. मार्टिन कोणाला असा परत देत नाहीत, आणि दिलाच तर तो पहिल्यासारखा नसतो.

रानवाट

तिघांचेही वाचले. मला यात एक गोष्ट खटकते, ती स्पष्ट लिहिते.

लगद्यात जोजेनचे रक्त होते की नव्हते, हे आपल्याला ठाऊक नाही. डुकरीण खरी होती की नाही, तेही नाही. पण हॅगनच्या यादीतले तिसरे पातक, जे त्याने सर्वांत वाईट म्हटले, ते ब्रानने केले आहे. त्यासाठी कोणताही तर्क लागत नाही, ते छापलेले आहे. तो होडोरच्या शरीरात शिरतो. पहिल्यांदा, तिसऱ्या पुस्तकात, तळ्यातल्या त्या बुरुजात वादळाच्या गडगडाटाला घाबरून होडोर ओरडू लागतो, आवाजाने शत्रू सावध होतील अशी भीती असते, आणि ब्रान जवळजवळ अपघातानेच आत शिरतो. त्याला मी दोष देणार नाही. पण पाचव्या पुस्तकात तो गुहेचे बोगदे पाहण्यासाठी, पुन्हा दोन पायांवर चालण्यासाठी, जोजेन-मीराला न सांगता वारंवार शिरतो. होडोर आता विरोध करत नाही. मार खाऊन मोडलेल्या कुत्र्यासारखा तो आतल्या आत कोपऱ्यात दडून बसतो, अशा अर्थाचे वर्णन तिथे आहे. आणि ब्रान मनाशी म्हणतो, की मला थोडाच वेळ हवे आहे, नेहमीप्रमाणे परत देईन.

हे वाक्य मला संपूर्ण मालिकेतल्या कित्येक खुनांपेक्षा भयंकर वाटते, कारण ते एका चांगल्या मुलाचे वाक्य आहे.

आपल्या परंपरेत परकायाप्रवेशाची सर्वांत प्रसिद्ध कथा आदि शंकराचार्यांची. मंडनमिश्रांच्या पत्नीने, उभयभारतीने, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी ते अमरुक राजाच्या देहात शिरले, असे सांगतात. पण तो राजा मेलेला होता, घर रिकामे होते. होडोरचे घर रिकामे नाही. वॅरामिर मरताना थिसल नावाच्या स्त्रीच्या देहात घुसू पाहतो, तेव्हा ती जीभ चावून तोडते, स्वतःचे डोळे ओरबाडते, पण त्याला आत राहू देत नाही. तिला नकार देता आला. होडोरला एकच शब्द येतो, आणि तो 'नाही' नव्हे.

म्हणून मला 'जोजेन पेस्ट' हा तर्क वाचकांनी स्वतःसाठी काढलेली पळवाट वाटतो. न कळत खाल्लेल्या रक्ताची चर्चा आपण वर्षानुवर्षे करतो, कारण तिथे ब्रान निर्दोष ठरू शकतो. दोष ब्लडरेव्हनचा, दोष वाडगे आणून देणाऱ्यांचा. होडोरच्या बाबतीत तशी सोय नाही.

अक्षरवेडा

रानवाट, हा मुद्दा मला मान्य करावा लागतो, आणि माझ्या दुकानदाराच्या उपमेत त्यामुळे एक दुरुस्ती करतो. जादू किंमत घेते एवढे म्हणणे पुरत नाही. किंमत कोणाच्या खिशातून जाते, हे पाहायला हवे.

मिरी माझ दूर ही चेटकीण डनेरिस या परागंदा राजकन्येला सांगते, की जिवाची किंमत जिवानेच चुकते. डनेरिसचा मरणोन्मुख नवरा ड्रोगो याच्या बदल्यात घोडा मारला जातो, पण जातो तो तिच्या पोटातला मुलगा. पुढे डनेरिस ड्रॅगन मिळवते त्या चितेवर मिरीला जिवंत बांधलेले असते. या मिरीचे देऊळ ड्रोगोच्या माणसांनी जाळले होते आणि तिच्यावर बलात्कार केले होते, हे आपण ड्रॅगन जन्मल्याच्या आनंदात विसरतो. मी तरी पहिल्या वाचनात विसरलो होतो. मेलिसांड्रे या लाल पुरोहितेला एड्रिक स्टॉर्मचे रक्त हवे असते, आणि सिंहासनावर हक्क सांगणारा स्टॅनिस हिशेब मांडतो, की राज्यापुढे एका अनौरस पोराचे काय मोल. त्याचा विश्वासू डाव्होस त्याला उत्तर देतो आणि पोराला होडीत बसवून पळवतो. यांतला एकही जादूचा ग्राहक स्वतःच्या खिशात हात घालत नाही.

अपवाद मला एकच आठवतो, बेरिक डोंडॅरियनचा. सहा वेळा मरून परतलेला हा माणूस आपला उरलेला प्राण ब्रानच्या मेलेल्या आईला, केटलिनला, देतो आणि स्वतः संपतो. त्यातून जी बाई उठते ती केटलिन नाही, हा भाग वेगळा.

ब्रानचे चालणे होडोरच्या खिशातून येते. माझी चूक अशी, की मी वाडग्यात काय आहे ते पाहत राहिलो.

तिरकस

रानवाट, तुमचे म्हणणे पटते, पण एक बचाव नोंदवतो. ब्रान नऊ-दहा वर्षांचा आहे, पांगळा आहे, आणि हॅगनची यादी त्याला कोणी सांगितलेली नाही. वाचकाला ती ठाऊक आहे, त्याला नाही. ब्लडरेव्हन त्याचा गुरू, आणि त्या गुरूने पूर्वी हेरांच्या जोरावर राज्य चालवले. असा माणूस त्याला 'हे करू नकोस' म्हणेल, अशी अपेक्षा कशी करावी? शिक्षकच तसा असेल तर विद्यार्थ्याच्या माथी किती मारायचे?

दूरचित्रवाणी मालिकेत २०१६ मध्ये होडोरच्या नावाचा उलगडा झाला, तिथे तर ब्रान लहानपणीच्या होडोरचे संपूर्ण आयुष्यच मोडतो. पुस्तकात ते तसेच घडेल की वेगळ्या रीतीने, हे पुढच्या खंडावर सोपवू.

रानवाट

वय मान्य. यादी ठाऊक नाही, हेही मान्य. पण मग तो मीरा आणि जोजेनपासून ते लपवतो कशाला? ज्याला आपण काही वावगे करतो आहोत याची गंधवार्ता नाही, तो लपवत नाही.

पानगळ

सर्वांचे आभार. रानवाट यांचा प्रतिसाद वाचून काल रात्री तिसऱ्या पुस्तकातले नाइटफोर्टचे प्रकरण पुन्हा काढले. तिरकस म्हणाले ती उंदीर-आचाऱ्याची गोष्ट ब्रान त्याच ओसाड किल्ल्यात आठवतो, आणि पाहुण्याला मारणे देव माफ करत नाहीत हा तिचा अर्थही तिथेच येतो. हे मला आठवत होते. त्याच प्रकरणात, काही पानांनी, विहिरीतून काहीतरी वर येत असल्याचे आवाज येतात आणि घाबरलेला ब्रान होडोरमध्ये शिरतो, हे मात्र मी पूर्णपणे विसरलो होतो. म्हणजे यजमानाच्या घरातल्या पातकाची गोष्ट स्वतः आठवून, तो त्याच रात्री दुसऱ्याच्या घरात न विचारता जातो.

तिथे लेखकाने डाव्या पायाचा बूट उजव्या पायात घालण्याची उपमा दिली आहे. ती वाचकांच्या चर्चांत अनेकदा येते, पण बहुतेक जण ती अर्धीच सांगतात, मीही तशीच लक्षात ठेवली होती. पुढे असे आहे, की बूटही घाबरलेला होता, काय चालले आहे ते त्याला कळत नव्हते, आणि तो पायाला बाहेर ढकलत होता.