रक्तसाक्षी, हुतात्मा की शहीद? आणि किंमत मोजली की चुकवली?

सदरकर:
मंडळी एक मदत पाहिजे. आमच्या संडे स्कूलच्या पोरांसोबत चार्ट बनवून राहिलो, फेब्रुवारी 2015 मध्ये लिबियाच्या समुद्रकिनाऱ्यावर ज्या 21 जणांना मारलं त्यांच्यावर. 20 इजिप्तचे कॉप्टिक, म्हणजे तिथल्या जुन्या चर्चचे ख्रिस्ती, अन् एक घानाचा, सगळे पोटासाठी मजुरीला गेलेले, अन् शेवटच्या क्षणी ओठावर येशूचं नाव. मी वर लिहिलं 'हुतात्मे' आणि खाली 'यांनी येशूच्या मागे जाण्याची किंमत चुकवली'. आमच्या चर्चमधल्या एक आजी आहेत, त्यांनी चष्मा सावरून वाचलं अन् म्हणाल्या, बाळा त्यांनी कुठे चुकवली रे, तू तर उलटंच लिहिलंस. मग म्हणे हुतात्मे पण काढ, रक्तसाक्षी लिही. तिकडे पोरं म्हणतात सर शहीद लिहा, आपल्या नागपूरच्या गोवारी शहीद उड्डाणपुलावर आहे तसं, तो शब्द आम्हाला कळते. मी स्केचपेन हातात धरून तसाच बसलो. काय लिहू?

साक्षीपुरावा:
आजींचं एकदम बरोबर आहे. 'कीमत चुकाना' हे हिंदी, आपल्या नागपुरात दिवसभर कानावर पडतं म्हणून नकळत हातातून उतरतं. मराठीत कर चुकवतात, नजर चुकवतात, म्हणजे टाळतात. देणं 'चुकतं करणं' वेगळं. किंमत मोजायची असते. आणि मोजणं हा शब्द इथे फार भारी आहे कारण त्यात पैसे देणंही आलं आणि आधी गिनती करणंही आलं. बायबलात लूकच्या 14व्या अध्यायात येशू नेमकं हेच सांगतो ना, बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब कर, पुरेल का बघ. म्हणजे तो कोणाला फसवून मागे नेत नाही, आकडा आधीच समोर ठेवतो.

वसईवाली:
आमच्याकडे वसईत रक्तसाक्षी हाच शब्द चालतो, लहानपणापासून. आमचा संत गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, आधी व्यापारी मग फ्रान्सिस्कन ब्रदर, 5 फेब्रुवारी 1597 ला जपानात नागासाकीला बाकीच्या 25 जणांसोबत क्रूसावर भाल्यांनी मारला गेला, 1862 मध्ये संत जाहीर झाला. त्याला कोणी हुतात्मा गोन्सालो म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. चूक आहे असं नाही, पण कानाला परकं वाटतं.

साक्षीपुरावा:
ताई, परकं का वाटतं ते सांगतो. हुतात्मा म्हणजे हुत अधिक आत्मा, ज्यानं स्वतःची आहुती दिली तो. सावरकरांनी रुजवलेला शब्द, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानं घरोघरी पोचवला. त्यात चित्र अग्नीचं आहे, म्हणजे मरण मधोमध आहे. पण ज्यातून इंग्रजी 'मार्टर' आला तो ग्रीक 'मार्तुस' म्हणजे नुसता साक्षीदार. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत पौल दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाला 'साक्षी' म्हणतो तो हाच शब्द, आणि गंमत नाही, खरंच, अरबीतून आलेल्या शहीदच्या मुळाशीही साक्षच आहे. म्हणून पोरं आणि आजी एकाच ठिकाणी बोट ठेवून राहिलेत. मी 22 वर्षं कोर्टात काढली, साक्षीदार पिंजऱ्यात चढतो तेव्हा त्याचा काय जीव होतो ते रोज पाहिलं. हात कठड्यावर घट्ट, घशाला कोरड, आणि समोर दबाव टाकणारा माणूस बसलेला. तो मरायला आलेला नसतो, जे पाहिलं ते सांगायला आलेला असतो. त्याला फक्त एकच गोष्ट करायची नसते, ती म्हणजे फितूर व्हायचं नसतं. स्मिर्नाचा म्हातारा बिशप पोलिकार्प, इ.स. 155 च्या सुमाराची गोष्ट, त्याला सांगितलं ख्रिस्ताला शिव्या दे, सोडतो. तो म्हणाला 86 वर्षं त्याची सेवा केली, त्यानं माझं काही वाईट केलं नाही, कशी देऊ. ही साक्ष झाली. जाळलं ते नंतर.

अजनी:
काका, मग जो मेला नाही त्याला काय म्हणायचं? 1999 च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, 10 आणि 6 वर्षांची, गाडीतच जाळली. ते रक्तसाक्षी, मान्य. पण त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारणाऱ्यांना क्षमा केली आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच राहून कुष्ठरोग्यांचं काम केलं, ती साक्ष नाही का. माझ्या आईनं बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी भाऊबीजेला मामा आला नाही. तिनं पाट मांडून ठेवला होता, ताटात सुपारी, नाणं, निरांजनात वात, दिवेलागण होऊन गेली तरी ती दाराकडेच बघत. दुसऱ्या वर्षीही पाट मांडला. आणि कवी ना. वा. टिळकांचं बघा, 1893 मध्ये आपल्याच नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत त्यांच्या हाती नवा करार पडला, 1895 ला बाप्तिस्मा, पण कित्येक वर्षं एकटेपण सोसलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी तेव्हा काही निवडलंच नव्हतं. किंमत एक ठरवतो आणि मोजतात घरातले सगळे, याला आपल्याकडे शब्द आहे का?

वसईवाली:
ताई, आईला रक्तसाक्षी म्हणू नका हो, तो शब्द रक्ताचाच राहू द्या नाहीतर त्या 21 जणांचं वजन हलकं होतं. त्यांचं 'सोसणं' म्हणा. सोसणं हा लहान शब्द नाही.

अजनी:
पटलं. आईही कधी छळ म्हणाली नाही, सोसलं एवढंच म्हणायची.

सदरकर:
सगळ्यांचे आभार. वर 'रक्तसाक्षी' लिहिलं, खाली पोरांसाठी 'म्हणजे जीव गेला तरी साक्ष न फिरवणारे', आणि 'चुकवली' खोडून 'मोजली'. आता आजी म्हणतात 21 नावं लिहायचीच, एकही गाळायचं नाही, घानाच्या मॅथ्यूचंही. एका कागदात मावत नाही, उद्या बर्डीवरून दुसरा चार्टपेपर आणतो.