अन्ननलिकेत बँडिंग झालं, आता जठरातल्या शिरेला ग्लू. दोन वेगळे उपचार का?

घणसोलीकर:
पप्पा 61 वर्षांचे, शुगर जुनी, दारूला कधी शिवले नाहीत. गेल्या महिन्यात रात्री रक्ताची मोठी उलटी झाली. वाशीच्या एका हॉस्पिटलात दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना बँड लावले. निदान लिव्हर सिरोसिस. आता डॉक्टर म्हणतात, जठराच्या वरच्या भागातही मोठी शीर आहे, तिथे बँड चालणार नाही, ग्लूचं इंजेक्शन द्यावं लागेल. पोटात ग्लू म्हटल्यावर आई घाबरली आहे. शिवाय बँडिंगसाठी पुन्हा बोलावलंय. एकदा झालं ना, मग परत कशाला?

कळवा पूर्व:
माझ्या आईचं बँडिंग झालंय. नंतर दोन-तीन दिवस छातीत दुखायचं, गिळताना टोचायचं. पेज, मऊ भात, थंड दूध यावर काढले. भाकरी, पापड, शेंगदाणे लगेच देऊ नका.

एंडोस्कोपी सिस्टर, ठाणे:
ताई, मी बरीच वर्षं एंडोस्कोपी रूममध्ये आहे. आईंना हे वाचून दाखवा.

लिव्हर कडक झालं की त्यातून जाणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही. दाब वाढतो आणि ते रक्त अन्ननलिकेच्या, जठराच्या शिरांतून वळसा घेतं. शुगर, चरबी, हिपॅटायटिस बी-सी, कशानेही हे होतं. पप्पांकडे कोणी संशयाने बघत असेल तर स्पष्ट सांगा.

बँडिंगमध्ये दुर्बिणीच्या टोकाला छोटी टोपी असते. सक्शन दिलं की शीर त्यात ओढली जाते, स्क्रीन लाल होते, डॉक्टर बाहेरची चकती फिरवतात आणि रबरी रिंग शिरेच्या मुळाशी बसते. शीर लगेच जांभळ्या द्राक्षासारखी दिसते. काही दिवसांत ती सुकून रिंगसकट गळते, खाली छोटी जखम राहते. एका वेळी सगळ्या शिरा बांधून होत नाहीत, म्हणून दोन ते चार आठवड्यांनी परत बोलावतात, शिरा दिसेनाशा होईपर्यंत. ही तारीख चुकवू नका. पहिल्या वेळेनंतर बरं वाटलं म्हणून न येणारे आणि मग रात्री कॅज्युअल्टीत रक्ताच्या उलटीने येणारे पेशंट बघून फार वाईट वाटतं.

जठराच्या वरच्या घुमटातली शीर जाड आणि खोल असते, ती त्या टोपीत पूर्ण मावत नाही. अर्धवट बसलेली रिंग गळली की उघड्या मोठ्या शिरेवर जखम, आणि त्यातून होणारा रक्तस्राव आवरणं कठीण. म्हणून तिथे सायनोअॅक्रिलेट ग्लू. तो रक्ताला लागताच काही सेकंदांत घट्ट होतो आणि शीर आतून बुजते. आम्ही त्या वेळी सगळे चष्मे घालतो, पेशंटचे डोळेही झाकतो, सुई आधी भरून ठेवतो, कारण उशीर झाला तर ग्लू नळीतच गोठतो. इंजेक्शननंतर डॉक्टर शीर हलकेच दाबून बघतात. कडक लागली म्हणजे भरली. मऊ लागली तर आणखी देतात. तो घट्ट गोळा पुढे आठवड्यां-महिन्यांत जठरात गळून पडतो.

धोका आहे, लपवत नाही. ग्लूचा कण रक्तातून फुप्फुसात जाऊ शकतो, क्वचित घडतं. शीर खूप मोठी असेल तर काही ठिकाणी एंडोस्कोपिक सोनोग्राफीने शिरेत आधी धातूची कॉइल सोडून मग ग्लू देतात. ती सोय आहे का, विचारा. याने भागलं नाही तर रेडिओलॉजीवाले करतात ते टिप्स (लिव्हरमधून नळी बसवून रक्ताला वाट करून देणं) किंवा बीआरटीओ (बारीक नळीने शिरेच्या वाटेतून जाऊन ती बंद करणं). त्याचा निर्णय सीटी स्कॅन आणि लिव्हरची अवस्था बघूनच होतो.

जठरातल्या शिरांची जी जीओव्ही (अन्ननलिकेतून जठरात उतरलेल्या शिरा), आयजीव्ही (फक्त जठरातल्या शिरा; त्यात 1 म्हणजे वरच्या घुमटातल्या) अशी वर्गवारी रिपोर्टवर असते, ती दिल्लीच्या डॉ. शिवकुमार सरीन यांची आहे. पप्पांच्या रिपोर्टवर यातलं काय लिहिलंय बघा. जीओव्ही 1 असेल तर कधी बँडही चालतो.

घणसोलीकर:
आयजीव्ही 1 लिहिलंय. सिस्टर, खूप आभार. कार्वेडिलॉल सुरू आहे, त्याने थकवा येतो म्हणून पप्पा अधूनमधून गोळी टाळतात. आणि पुन्हा रात्री उलटी झाली तर काय करायचं?

एंडोस्कोपी सिस्टर, ठाणे:
मग ग्लूच योग्य. त्या गोळीने शिरांमधला दाब कमी राहतो, मनाने बंद करू नका. वरचं बीपी 90 च्या खाली किंवा चक्कर असेल तर डॉक्टर डोस बदलतील. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अजिबात नको.

उलटी झाली किंवा डांबरासारखी काळी शौचाला झाली तर तोंडाने काही देऊ नका, कुशीवर झोपवा, 108 ला फोन करा. जिथे चोवीस तास एंडोस्कोपी आणि रक्तपेढी आहे तिथेच न्या, कुठलं ते आजच फोन करून ठरवून ठेवा. दाब कमी करणारं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक आधी सुरू होतं, दुर्बीण साधारण 12 तासांच्या आत. फाइल आणि रक्तगटाचा कागद दाराजवळ ठेवा. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत बसतं का, ते योजनेच्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा, ग्लूच्या तारखेआधीच.