कार्ड होतं, कॉल नव्हता

'सेवायोजन कार्यालयात (एम्प्लॉयमेंट एक्सचेंजमध्ये) नाव नोंदवून नोकरी लागलेला एक तरी माणूस दाखवा' असं आव्हान कुणीतरी दिलंय. ते रास्त आहे, पण सगळा दोष तिथल्या बाबूंचा नाही. मेख १९५९ च्या कायद्यातच होती. २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकाम्या जागा एक्सचेंजला कळवायच्या. एक्सचेंजने पाठवलेला उमेदवार घेतलाच पाहिजे असं बंधन मात्र नव्हतं! पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जागांसाठी वर्तमानपत्रातही जाहिरात द्यायला सांगितलं (योग्यच होतं म्हणा), आणि एक्सचेंजकडून येणाऱ्या मुलाखतीच्या कॉलची उरलीसुरली मातब्बरी गेली. आम्ही तरी नोंदणीचं ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून वेळच्या वेळी रिन्यू करत राहिलो. २०१५ पासून केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसच्या पोर्टलवर घरबसल्या नोंदणी होते. रांग तेवढी वाचली.