मदत हवी आहे: दहा ओळींचा प्रोग्रॅम, कंपाइलला वीस सेकंद

नमस्कार मंडळी, मी नाशिकला सिडकोत राहतो. धाकट्या बहिणीला सी प्लस प्लस शिकवतोय. विंडोजचा जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. नुसतं 'नमस्कार' छापणारा प्रोग्रॅम बनवायला जीसीसी (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर) वीस सेकंद घेतो! छापण्यासाठी जोडावं लागणारं आयओस्ट्रीम हेडर कोडच्या हजारो ओळी ओढून आणतं, हे मान्य. पण फक्त ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला, पण अजून न जोडलेला कोड) बनवली तर ३ सेकंदांत होते. ती लायब्ररींशी जोडून, म्हणजे लिंक करून, ईएक्सई (चालवता येणारी फाइल) बनताना सगळं अडकतं. लगेच पुन्हा चालवलं तरी तेच. अँटिव्हायरस प्रत्येक नवी ईएक्सई तपासत बसतो, असा माझा अंदाज. त्यातून फक्त तिचं सरावाचं फोल्डर वगळलं तर धोका कितपत? की लिंकरच बदलून बघू? सोमवारी तिची प्रॅक्टिकल आहे, आणि प्रत्येक चुकीनंतर थांबून थांबून पोरीचा धीर सुटतोय. कुणी हे सोडवलं असेल तर कृपया सांगा.